दोन्ही डिस्कना कुंकू

मशीन चालू होत नाही म्हणून फोन करणारा माणूस पहिलं वाक्य हमखास एकच बोलतो: मी काहीच केलं नाही. बारा वर्षं हे ऐकते आहे, आणि ज्याने खरंच काही केलं नव्हतं असा माणूस मला अजून भेटायचा आहे. साळोख्यांच्या कृष्णातनेही फोनवर तेच सांगितलं.

"ताई, मी कायबी केलं न्हाय. वायरी जोडल्या आनि बटन दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक वळ येती आनि ढिम्म."

"हात लावू नकोस. मी आलो," म्हटलं आणि पेटी उचलली. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो'च करतात, त्यात नवल नाही.

शिवाजी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हात बसला तो फक्रुद्दीनभाईंकडे. ते रेडिओ आणि टीव्हीचे मेकॅनिक, आणि त्यांचा नियम असा की काहीही खोलायच्या आधी खूण करायची. कुठली वायर कुठली ते डोक्यात ठेवायचं नाही, वस्तूवरच लिहायचं. हा नियम मी कधी मोडला नाही. मला राग लवकर येतो, समजावून सांगायचा कंटाळा आहे आणि लोकांना मी हुकूम सोडते असं म्हणतात, पण माझ्या हातून कुणाची फाइल गेली असं पेठेत कुणी म्हणणार नाही. त्या वर्षीपर्यंत तरी नव्हतं म्हटलं.

ते २००७ साल. दसऱ्याला चार दिवस होते. कृष्णात शिरोलीच्या फाउंड्रीत मशीन शॉपला होता, आणि कुठल्याशा मासिकात वाचून त्याने घरीच सर्व्हर जोडायला घेतला होता. सर्व्हर म्हणजे काय, तर एक मोठा डबा, त्यात अडीचशे जीबीच्या दोन हार्ड डिस्क, आणि त्यातून एक वायर माजघरातल्या टीव्हीला. त्याच्या आईने, बायडाबाईमामींनी, रिमोटचं बटण दाबलं की मॅच सुरू व्हायला हवी, एवढीच त्याची इच्छा.

मामींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना हवा होता तो आवाज. त्यांचा नवरा, आकाराममामा, सव्वीस वर्षं पेठेच्या सामन्यांचं माइकवर धावतं वर्णन करायचे. खेळ बघायला येणारे निम्मे लोक मामांना ऐकायला यायचे, असं जुनी माणसं अजून सांगतात. मग घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला आणि आवाज गेला. तेव्हापासून मामांच्या गळ्यात रेफ्रीची शिट्टी आणि मांडीवर शाळेतली पाटी. चहा हवा असला की एक शिट्टी, कुणी दारात आलं की दोन.

"चाळीस वर्सं माझ्यावर वराडला," मामी मला त्या दिवशी म्हणाल्या, "तवा वाटायचं, जरा गप बसंल तर बरं. आता शिट्टी वाजली की जीव तुटतो बघ."

सामन्यांच्या टेपा तालमीच्या गोदामात होत्या; आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात. २००५च्या महापुरात तिथं पाणी शिरलं. कृष्णातने त्या टेपा वाळवल्या, बुरशी पुसली आणि एकेक चालवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. बहुतेक टेपा त्या एका खेपेलाच तुटल्या. दीड वर्ष तो हे करत होता, शिफ्टवरून आल्यावर. एकशे सोळा सामने एका डिस्कवर आले, आणि आकाराम साळोख्यांचा आवाज जगात आता तेवढ्या एका डिस्कवर होता. दुसरी डिस्क तिच्याच जोडीची, त्याच दुकानातून त्याच दिवशी घेतलेली, अगदी कोरी. दिसायला जुळ्या बहिणी.

मशीनचा पहिला दोष मला दहा मिनिटांत सापडला. सुरू होताना ते विंडोज कुठं आहे ते शोधत होतं, आणि पहिल्यांदा बघत होतं सामन्यांच्या डिस्कवर. तिथं गोल होते, कॉर्नर होते, विंडोज नव्हतं. क्रम बदलला, सीडी आधी लावली. मग सीडीला डिस्कच दिसेनात. मदरबोर्ड नवा आणि कृष्णातने मित्राकडून आणलेली सीडी जुनी. सेटिंगमध्ये एक बदल केला, दोन्ही डिस्क दिसायला लागल्या. कृष्णात माझ्याकडं असा बघत होता की मला थोडं मिरवावंसं वाटलं, आणि मी मिरवलंही.

पण पडद्यावर दोन्ही डिस्क एकशे अठ्ठावीस जीबीच्या दिसत होत्या. खऱ्या अडीचशेच्या. तिथं मी हात मागे घेतला. त्या जुन्या सीडीतल्या विंडोजला त्यापुढं मोजताच येत नाही, आणि मोजता आलं नाही की आत काय आहे तेही वाचता येत नाही. आपल्याला वाचता येत नाही असं मात्र ते कबूल करत नाही. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का, असं विचारतं. भरलेल्या डिस्कबद्दलसुद्धा.

हे सगळं मी कृष्णातला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "ही सीडी चालणार न्हाय. उद्या मी नागपूरला चाललोय, मंगळवारी नवी सीडी घेऊन येतो. तवर याला हात लावायचा न्हाय." झाला हुकूम.

विजेचा भरवसा नाही म्हणून दोन्ही डिस्क काढून बाहेर वर्तमानपत्रावर ठेवल्या. आता खूण. पेटीतलं मार्कर वाळलेलं. कृष्णातच्या घरात पेन होतं, ते डिस्कच्या पत्र्यावर उमटेना. समोर देव्हारा होता. मी मामींकडून कुंकवाचा करंडा मागून घेतला आणि सामन्यांच्या डिस्कवर एक ठसठशीत टिकली लावली. कुंकू लावलेल्या वस्तूला ह्या घरात कुणी उगीच हात लावणार नाही, असं मला वाटलं, आणि आपण फार हुशार आहोत असंही वाटलं.

आमच्या घरी देव्हारा नाही. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला होते, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हा आमच्या घरचा नेम. पण मी वाढले पेठेतच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं घराघरात काय करतात ते मला ठाऊक नव्हतं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. माझ्या ते ध्यानात आलं नाही, इतकंच.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायला गेले तर पायरीवर कृष्णात बसलेला. या खेपेला त्याने 'मी काही केलं नाही' असं म्हटलं नाही. 

खंडेनवमीला मामींनी घरातली हत्यारं पूजेला काढली होती. विळी, कोयता, कृष्णातचे पाने, शिलाई मशीन. नवीन मशीनही आलंच त्यात. वर्तमानपत्रावरच्या दोन्ही डिस्क त्यांनी उचलल्या, फडक्याने स्वच्छ पुसल्या आणि पाटावर मांडल्या. पुसताना माझी टिकली गेली. पण एकीला कुंकू लावलेलं होतं हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून त्यांनी दोघींनाही हळदकुंकू लावलं आणि दोघींवर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. एकीला मान द्यायचा आणि दुसरीला तशीच ठेवायची, हे त्यांना बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी दसरा. नवीन वस्तू चालू करायला याहून चांगला दिवस कुठला? कृष्णातने मुहूर्तावर मशीन सुरू करायचं ठरवलं. डिस्क कुठली ते कळेना, तेव्हा त्याने डोकं चालवलं, आणि त्याचं डोकं वाईट नव्हतं. एकच डिस्क जोडली. विंडोजच्या सीडीने सांगितलं, ही फॉरमॅट केलेली नाही. म्हणजे हीच कोरी, असं धरून त्याने हो म्हटलं. फॉरमॅट झालं, विंडोज चढलं, आईने पेढा ठेवला. मग त्याने मॅच बघायला म्हणून दुसरी डिस्क जोडली. तीही फॉरमॅट केलेली नाही म्हणाली.

"मग मी वायर काढली," कृष्णात म्हणाला. "तवापास्नं बटन दाबलेलं न्हाय."

"एवढं एक शानपनाचं केलंस," मी म्हणाले आणि त्याच्या पुढं चालू लागले.

घरात मामी उंबऱ्याशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. कृष्णात दोन दिवस गप्प असावा, कारण मला बघितल्यावर त्याचा बांध फुटला. "कुनी सांगितलंतं तुला कुंकू लावायला? खून होती ती. ताईंनी केल्याली खून पुसलीस तू," असं तो आईला म्हणाला, आणि मामींनी पदर तोंडाला लावला.

माझं डोकं फिरलं. "आवाज खाली," मी म्हणाले. "खून मी केली, ती चुकीची केली. कुंकू ह्या घरात मानाला लावत्यात, खुनंला न्हाय. खंडेनवमी तोंडावर हाय हे मला कळाय पायजे हुतं. सीडीचं कारन तुला सांगाय पायजे हुतं, तेबी सांगितलं न्हाय. तुज्या आईची चूक न्हाय, आनि तुजीबी न्हाय. माजी हाय."

आयुष्यात इतकं स्पष्ट मी क्वचितच बोलले असेन.  मामी म्हणाल्या, "तू काय बी म्हन पोरी. हात माझाच लागला. माझ्या हातानंच त्यांचा आवाज पुसला." आणि त्या आत स्वयंपाकघरात गेल्या.

आकाराममामा खाटेवर होते. त्यांनी पाटीवर लिहून माझ्याकडं वळवली. 'गेलं?'

"न्हाय मामा," मी म्हणाले. "सापडत न्हाय, एवढंच. मी शोधतो."

हे मी धीर द्यायला म्हटलं नाही, मला ते ठाऊक होतं. फॉरमॅटने पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते. आतली पानं जागच्या जागी असतात, फक्त कुठलं प्रकरण कुठं ते कळत नाही. त्या पानांवर दुसरं काही लिहिलं तरच ती जातात. कृष्णातने विंडोज चढवलं तेवढ्या जागेतलं गेलं असणार, बाकीचं असणार. पुढं तो थांबला, ही त्याची पुण्याई.

दोन्ही डिस्क मी दुकानात आणल्या. या खेपेला पहिलं काम केलं ते लेबलावरचे लांबलचक नंबर वहीत उतरवायचं. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला हे सुचायला अशी वेळ यावी लागली, याची लाज वाटली. मग दुसरी डिस्क तपासली. खरोखरच कोरी होती. एकदा बघून भागलं नाही, तीनदा बघितली. पहिल्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशी तजवीज केली, आणि तिच्यावरून वाचून जे सापडेल ते कोरीवर उतरवायला लावलं. पडद्यावर आकडा सरकायला लागला. एक टक्का व्हायला पंधरा मिनिटं. दुपारी कृष्णात शिफ्ट बुडवून आला आणि स्टुलावर बसून त्या आकड्याकडं बघत राहिला. मी त्याला विळीवर बसलेल्या माणसासारखा बसू नकोस म्हणून दोनदा हाकलला. संध्याकाळी मशीन चालू ठेवून, बॅटरीची खात्री करून दुकान बंद केलं.

बुधवारी दुपारी शोध संपला. एकशे अकरा फाइली. नावं नव्हती, तारखा नव्हत्या, नुसते एक ते एकशे अकरा आकडे. कृष्णात जेवायच्या सुट्टीत धावत आला होता.

पहिली फाइल उघडली. सुरुवातीला नुसते हिरवे आणि गुलाबी चौकोन, आवाज नाही. कृष्णातने स्टुलाची कड धरली. मी दुसरी उघडली. मैदान दिसलं, खेळाडू दिसले, गर्दीचा गलका ऐकू आला, आणि माइकवर कुणी बोलत नव्हतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. रेकॉर्डिंगमध्ये चित्र वाचलं आणि मामा नाहीत, असं झालं तर त्या बाईला मी काय सांगणार होते?  तेवढ्यात माइकची खरखर झाली आणि मामा म्हणाले, "मंडळी, पावसानं थोडा उशीर झाला, मी बी भिजलोय, तुमी बी भिजलाय, आता बॉल कुनाच्या पायाला लागतोय तेवढं बघायचं."

कृष्णात रडला. मी त्याला पाणी दिलं आणि तिसरी फाइल उघडली.

मग सर्व्हर नीट बसवायला मला फार वेळ लागला नाही. नवी सीडी, विंडोजसाठी माझ्याकडची एक छोटी डिस्क, माझ्यातर्फे. दोन्ही मोठ्या डिस्कवर आता तेच सामने ठेवले, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. फॉरमॅट झालेली डिस्क पुन्हा नीट मांडून, सापडलेलं सगळं तिच्यावर उतरवून मगच घरी नेली. बटण दाबलं, आणि मशीन पहिल्या झटक्यात उठलं. टीव्हीवर एकशे अकरा आकड्यांची यादी आली.

"पाच न्हाय सापडले मामा," मी सांगितलं.

मामांनी पाटीवर लिहिलं, 'त्यापेक्षा जास्त हरलोय आपण. चालतंय.'

फाइलींना नावं देणं हे काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. मामा टीव्हीसमोर बसायचे, कृष्णात फाइल लावायचा, आणि मामा पाटीवर साल, कोण विरुद्ध कोण आणि निकाल लिहायचे. पाच मिनिटांच्या वर त्यांना लागायची नाहीत. कधी स्वतःचं ऐकून कपाळाला हात लावायचे आणि लिहायचे, 'पास त्याचा नव्हता. मी चुकीचं नाव घेतलं.' मग तेही नावात घालायचं, असा त्यांचा हट्ट. दुकान बंद करून मी रोज संध्याकाळी तिथं जायला लागले. माझं काम संपलं होतं, तरी जायचे.

मामी मात्र माजघरात आल्या नाहीत. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत बसायच्या. चहा कृष्णातच्या बायकोच्या हाती पाठवायच्या. मी एकदा आत जाऊन म्हटलं, मामी, आवाज आलाय, चला की. तर म्हणाल्या, "ऐकू येतंय हितनं. मी नको. माझा हात लागला तर पुन्ना काय तरी व्हायचं." रिमोटला त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं, एवढं सगळं परत आणलं आणि जिच्यासाठी आणलं तिला ते दिलंच नाही. त्या रात्रीची भाकरी मला गोड लागली नाही.

चौथ्या संध्याकाळी बहात्तर नंबरची फाइल लागली. मामांनी लगेच लिहिलं, '१९९४. सेमी. एक-एक.' हाफ टाइम झाला होता. मैदानावर कुणी नव्हतं, लोक भेळ खायला उठले होते. कृष्णात पुढं ढकलणार होता, तोवर माइक खरखरला.

"एक सूचना हाय," मामा म्हणाले, आवाज एकदम कचेरीतला. "बायडाबाई आकाराम साळोखे. बायडाबाई आकाराम साळोखे, असाल तिथनं गेटवर या. घराची किल्ली माझ्याच खिशात ऱ्हायली हाय. पोरगं भुकेलं असंल." सगळ्या स्टेडियममधून हशा पिकला.

"आलो की," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या.

त्या दारात आल्या तेव्हा हाताला पीठ होतं. दोन पावलं पुढं आल्यावर त्यांना कळलं आणि त्या तिथंच थांबल्या. मामा त्यांच्याकडं बघत होते. शिट्टी गळ्यात होती, ती त्यांनी वाजवली नाही. मला रडू कोसळलं. मी खाली वाकून टीव्हीमागच्या वायरी नीट करत राहिले, त्या नीटच होत्या.

कृष्णात रिमोट घेऊन फाइल थांबवायला लागला. मामींनी पीठ भरल्या हाताने तो त्याच्याकडून काढून घेतला.

"ऱ्हावू दे," त्या म्हणाल्या. "पुढची मॅच बघू दे मला."

मग त्या मामांशेजारी खाटेवर बसल्या आणि त्यांनी दुसरा हाफ शेवटपर्यंत ऐकला.